भरंवशाचा घांस

आष्ट्यासारख्या गांवच्या एका निवृत्त शाळामास्तरानें जपानी भोजनगृहाविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल, आणि तें योग्यच आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पस्तीस वर्षें वाळवें तालुक्यांतल्या शाळांत मुलांना भूगोल शिकविला. जपान हा बेटांचा देश आहे, तेथील लोकांचें मुख्य अन्न भात आणि मासे, हें वाक्य मीं फळ्यावर कितीदां लिहिलें असेल याची गणती नाहीं. मुलांनीं तें पाठ केलें, परीक्षेंत लिहिलें, मीं त्यांना त्याचे गुण दिले. पण त्या वाक्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, टोकियो शहरांतल्या एका लहानशा भोजनगृहांत. तेथें मी काय खाल्लें आणि काय शिकलों, तें आज आपणांस सांगणार आहें.

माझ्या शाकाहारी श्रोत्यांनीं रेडिओ बंद करण्याची घाई करूं नये. बोलण्यांत मासा वारंवार येईल, पण मला सांगावयाचें आहे तें माशापेक्षां भरंवशाविषयीं आहे. आणि भरंवसा भाजीच्या जुडीला जितका लागतो तितकाच माशालाहि लागतो.

प्रथम घरची गोष्ट सांगतों. आमचें आष्टा हें उंसाच्या मळ्यांनीं वेढलेलें गांव. कृष्णामाई जवळ, समुद्र लांब. आणि समुद्र व आम्ही यांच्यामध्यें सह्याद्रि आडवा. आम्हां घाटावरच्या लोकांची माशाशीं ओळख दोन तऱ्हांची. एक नदीचा मासा, म्हणजे भोई जाळें टाकून काढीत ते मरळ, वाम, शिंगाडा. आणि दुसरा बाजारच्या दिवशीं गोणपाटावर पसरलेला वाळका मासा, म्हणजे सुकट, जवळा, बोंबील. समुद्राचा ताजा मासा कसा असतो हें आम्हांला ऐकूनच ठाऊक.

माझें लग्न झालें तें मालवणच्या मुलीशीं. लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. नव्या नवरीला माहेरची आठवण येत असेल म्हणून मीं मोठ्या हौसेनें सांगलीहून बर्फांतले बांगडे आणले. तिनें पिशवी उघडली, एक बांगडा हातांत घेतला, बोटानें त्याचा कल्ला उचलून आंत पाहिलें, पोट दाबून पाहिलें, आणि तो मुकाट्यानें परत पिशवींत ठेवला. "हे मी रांधायची नाहीं," ती म्हणाली. "आज घेऊं नये असा मासा आहे हा."

आमच्या मातोश्री म्हणाल्या, "माहेरचा तोरा!" मलाहि राग आला, कारण मास्तराच्या पगारांतले पैसे गेले होते. त्या दिवसापासून "मालवणचा तोरा" हा आमच्या घरांत एक कायमचा विनोद होऊन बसला. पाहुण्यांसमोर, लग्नकार्यांत, मुलांच्या देखत मीं तो किती वेळां केला असेल! ती कधीं उलट बोलली नाहीं. वाळक्या माशाचें मात्र तिला वावडें नव्हतें. "सुका मासा खोटें बोलत नाहीं," असें ती म्हणे, आणि तिच्या हातच्या सुकटीच्या चटणीवर आमच्या घरची भाकरी चाळीस वर्षें गोड लागली. ताज्या माशाच्या बाबतींत मात्र तिचा एकच बाणा. स्वतः बाजारांत जाई, कल्ला उचलून पाही, आणि पुष्कळ वेळां रिकाम्या हातानें परत येई. घरांत आम्ही हंसत असूं.

गेल्या वर्षीं कार्तिकांत आम्ही उभयतां टोकियोस गेलों. आमची कन्या व जांवई तेथें एदोगावा प्रभागांत, निशिकासाई नांवाच्या भागांत राहतात. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं गेलेल्या भारतीय कुटुंबांनीं त्या भागांत वस्ती केली, आणि आज तेथें रस्त्यानें चालतांना मराठी शब्द कानांवर पडले तर नवल वाटत नाहीं. मूळचे महाराष्ट्रांतील योगेंद्र पुराणिक हे गृहस्थ २०१९ सालीं त्या प्रभागाच्या सभेवर निवडून आले, हें आपणांपैकीं कांहींनीं वाचलें असेल. तसें पाहिलें तर जपानचें आणि आपलें नातें याहून जुनें. अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली, आणि तिच्यापासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९१६ सालीं पुण्यास महिला विद्यापीठ स्थापन केलें, ही गोष्ट मी मुलांना नेहमीं सांगत असें.

टोकियोचा जुना मासळीबाजार निहोनबाशी पुलापाशीं होता. १९२३ सालच्या भयंकर भूकंपांत तो नष्ट झाला, आणि १९३५ सालीं त्सुकिजी येथें नवा बाजार उघडण्यांत आला. तोहि कालांतरानें जुना व अपुरा पडल्यामुळें २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत घाऊक बाजार तोयोसु येथें नेला. त्सुकिजीला बाहेरच्या गल्ल्यांतलीं किरकोळ दुकानें आणि लहान लहान भोजनगृहें मात्र राहिलीं. अशाच एका गल्लींत जांवई आम्हांला दुपारच्या भोजनास घेऊन गेले.

दारावर निळ्या कापडाचा, मधें चिरलेला आंखूड पडदा होता. त्याला नोरेन म्हणतात. पडदा टांगला म्हणजे दुकान चालू, उतरविला म्हणजे बंद. त्याखालून किंचित् वांकून आंत शिरावें लागतें. आंत जेमतेम नऊ माणसें बसतील एवढी जागा. मेजांचा पसारा नाहीं, भिंतीवर चित्रांची गर्दी नाहीं. घासून घासून गुळगुळीत केलेली पांढऱ्या लांकडाची एक लांब फळी. तिच्या पलीकडे कारागीर उभा, अलीकडे आपण बसलेले. आपल्याकडच्या खाणावळींत मुदपाकखाना मागच्या अंगाला असतो, आणि तेथें काय चाललें आहे हें न पाहण्यांतच जेवणाराचें सुख असतें! येथें रांधणारा व जेवणारा यांच्यामध्यें भिंतच नाहीं. सुरी, फळी, हात, मासा, सर्व कांहीं डोळ्यांसमोर. दुसरी गोष्ट अशी कीं, त्या जागेंत माशाचा वास मुळींच नव्हता. हें सौभाग्यवतीनें आंत पाऊल टाकतांच हेरलें आणि माझ्या कानांत सांगितलें.

बसल्याबरोबर प्रत्येकाच्या हातीं गरम पाण्यांत भिजवून पिळलेला टॉवेल आला. मग चहा आला. हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. सौभाग्यवतीनें एक घोट घेऊन "काढा आहे" असा अभिप्राय दिला. पदार्थांची यादी आलीच नाहीं. जांवयांनीं कारागिराला एकच शब्द सांगितला, "ओमाकासे." त्याचा अर्थ, तुमच्यावर सोपविलें. आज बाजारांत काय चांगलें मिळालें, कशामागून काय खावें, हें सर्व तुम्हीच ठरवा. मला हें चमत्कारिक वाटलें. अनोळखी माणसावर आपलें पोट सोंपवून मोकळें व्हावयाचें? आणि तेंहि कच्च्या माशाच्या बाबतींत!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुशी म्हणजे कच्चा मासा, असें आपण समजतों. तसें नाहीं. सुशी या शब्दाच्या मुळाशीं आंबटपणा आहे, आणि त्या पदार्थाचा जीव माशापेक्षां भातांत आहे. शिजलेल्या भातांत तांदळाचाच शिरका व मीठ मिसळतात, आणि तो हाताच्या उबेइतका कोमट असतांना वापरतात. कारागीर एका हातांत भाताचा लहानसा घांस घेई, दुसऱ्या हातांत माशाचा काप घेऊन त्याला चिमूटभर वासाबी लावी, दोन-तीन हलक्या दाबांत दोहोंचा मेळ घाली, आणि तो घांस आमच्यापुढें ठेवी. वासाबी ही एका झाडाच्या खोडाची हिरवी चटणी. फेसलेल्या मोहरीसारखी ती नाकांतून थेट डोक्यांत जाते. हा घांस हातानें खाल्ला तरी चालतो, हें कन्येनें सांगितलें तेव्हां मला केवढा धीर आला! माशाकडची बाजू शोयु नांवाच्या सोयाबीनच्या रसांत जराशी बुडवावी, भाताकडची बुडवूं नये, कारण भात विसकटतो. दोन घांसांमध्यें आल्याचा शिरक्यांत मुरविलेला पातळ काप खावा, म्हणजे जीभ स्वच्छ होते.

आज जगभर पसरलेल्या या पदार्थाचा जन्म राजवाड्यांत झाला नाहीं. टोकियोचें नांव एदो होतें त्या काळांत, १८२० नंतरच्या वर्षांत, हानाया योहेई नांवाच्या माणसानें भातावर मासा दाबून तेथल्या तेथें देण्याची ही तऱ्हा रूढ केली, असें मानतात. रस्त्यावरच्या टपरीपाशीं उभें राहून घाईंत खावयाचें तें कष्टकऱ्यांचें खाणें होतें. बर्फ सहज मिळण्याचे ते दिवस नव्हते. म्हणून मासा कधीं मिठांत, कधीं शिरक्यांत, कधीं शोयूंत मुरवीत, कधीं शिजवीत. कच्च्या माशाचें म्हणून जें आपण ऐकतों, त्यांतला पुष्कळ भाग वस्तुतः मुरविलेल्या माशाचा आहे.

पहिला घांस पांढऱ्या माशाचा होता. मीं डोळे मिटून तो तोंडांत टाकला. भीति वाटत होती ती उग्र वासाची. पण वास नव्हताच. किंचित् गोडी, किंचित् चिवटपणा, आणि मग भाताचा आंबटपणा. त्यामागून माकूल आली, कोळंबी आली, कुपा आला. नंतर निळसर चकचकीत पाठीचा एक काप पुढें आला, आणि सौभाग्यवती मोठ्यानें म्हणाली, "अहो, हो तर आमचो बांगडो!"

तिचें म्हणणें फारसें चुकीचें नव्हतें. तो साबा नांवाचा मासा. आपल्या बांगड्याच्याच कुळांतला. हा मासा लवकर नासतो, म्हणून त्याला आधीं मीठ चोळून ठेवतात आणि मग शिरक्यांत घालतात. त्यावरून जांवयांनीं एक गोष्ट सांगितली. क्योतो ही जपानची जुनी राजधानी समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशींत वसलेली. उत्तरेकडील वाकासा प्रांताच्या किनाऱ्यावर साबा पकडीत, त्याला मीठ लावीत, आणि हमाल तो पाठीवर घेऊन डोंगर ओलांडून क्योतोस आणीत. त्या वाटेला आजहि साबाची वाट म्हणतात. हें ऐकतांना मला आमचे आंबा घाट, फोंडा घाट आठवले. कोंकणांतून घाट चढून आलेल्या सुकटीनें आमच्या भाकरीला जी चव दिली, तीच त्या खारवलेल्या साबानें क्योतोच्या भाताला दिली. म्हणजे क्योतो हें त्यांचें आष्टाच म्हणावयाचें! समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाला मासा पाहिजे असेल तर त्याला मीठ आणि काळ यांचें साह्य घ्यावें लागतें. सुशीचें मूळ रूपहि असेंच आहे. बिवा सरोवराच्या कांठीं अजून फुनाझुशी करतात; गोड्या पाण्यांतला मासा मिठांत व मग भातांत महिनोन् महिने दाबून ठेवावयाचा, म्हणजे भात आंबतो आणि मासा टिकतो. मासा टिकविण्यासाठीं भात आला. मासा ताजा मिळूं लागला तरी भात राहिला.

यानंतर समुद्रांतल्या वामीसारख्या एका माशाचा शिजविलेला तुकडा आला. त्याला आनागो म्हणतात. कारागिरानें त्यावर एक हिरवट पूड भुरभुरविली. सौभाग्यवतीनें तो तोंडांत टाकला आणि ती एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलें. मला वाटलें, घशांत कांटा गेला. पण ती म्हणाली, "तिरफळां!"

मालवणी बांगड्याच्या कालवणांत जीं तिरफळें घालतात, त्यांची चव ज्यांनीं घेतली असेल त्यांना ठाऊक आहे कीं, ती तिखट नव्हे, कडू नव्हे. तिनें जीभ झिणझिणते. जपानांत त्या पुडीला सांशो म्हणतात. घरीं आल्यावर जांवयांनीं पुस्तकांत शोधून दाखविलें कीं, आपलें तिरफळ आणि त्यांचा सांशो हीं एकाच वनस्पतिकुलांतलीं, अगदीं सख्ख्या बहिणींसारखीं झाडें आहेत. मीं पस्तीस वर्षें नकाशावर मालवण आणि टोकियो हीं दोन टोंकें दाखविलीं. पण तीं जोडलेलीं आहेत हें माझ्या बायकोच्या जिभेनें एका क्षणांत ओळखलें.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. तिरफळाची ओळख पटल्यामुळें सौभाग्यवतीला धीर आला. तिनें कन्येकडून कारागिराला विचारविलें, "अख्खा मासा पाहावयास मिळेल काय?" तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग थंड पेटींतून एक लहान मासा काढून त्यानें फळीवर ठेवला. तिनें त्याला हात लावला नाहीं. परक्याच्या स्वयंपाकाला न विचारतां शिवूं नये हें तिला कळतें. तिनें नुसतें बोटानें कल्ल्याकडे दाखविलें. त्यानें कल्ला उचलला. आंत लालभडक. तिनें डोळा पाहिला, निर्मळ, भरलेला. तिनें मान डोलविली. तेव्हां त्या साठीच्या कारागिरानें कमरेंत वांकून तिला नमस्कार केला आणि विचारलें, "आपण समुद्रकांठच्या आहांत काय?" माझी सौभाग्यवती म्हणाली, "होय." मी चहाच्या पेल्यांत पाहत बसलों.

कांहीं तरी बोललें पाहिजे म्हणून मीं कन्येकडून एक प्रश्न विचारला. "आपण लोकांना शिजविल्याशिवाय मासा खाऊं घालतां. हा बाधणार नाहीं, असा आपल्याला भरंवसा कसा वाटतो?" त्यानें सुरी पुसून बाजूला ठेवली आणि जें उत्तर दिलें तें कन्येनें मला असें सांगितलें: "समुद्र मला कळत नाहीं. ज्याच्याकडून मी मासा घेतों तो माणूस मला कळतो. वीस वर्षांत त्यानें मला दोनदां सांगितलें, आज घेऊं नका. त्या दोन दिवसांच्या जोरावर मी बाकीच्या दिवशीं घेतों."

श्रोतेहो, हें वाक्य ऐकून माझ्या अंगावर कांटा आला. आज घेऊं नका! हेच शब्द चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या आष्ट्याच्या स्वयंपाकघरांत एका नव्या नवरीनें उच्चारले होते, आणि आम्हीं त्यांचा विनोद करून टाकला होता. जें ज्ञान टोकियोंत कमरेंत वांकून नमस्कार करण्यासारखें ठरलें, तें आमच्या घरीं तोरा ठरलें. भरंवसा हा "होय" म्हणणाऱ्या माणसानें निर्माण होत नाहीं. होय काय, कोणीहि म्हणतो. ज्याला "नाहीं" म्हणतां येतें, आणि पदरचें नुकसान सोसून जो तें म्हणतो, त्याच्या "होय"ला किंमत येते.

कोणी म्हणेल, जपानी लोक मुळांतच प्रामाणिक, त्यांचें काय सांगावें! माझ्या मतें हा त्यांच्या श्रमांचा अपमान आहे. त्या भरंवशामागें नियम आहेत, बर्फ आहे, शास्त्र आहे. कांहीं समुद्री माशांत बारीक कृमि असतात. ते मरावे म्हणून मासा शून्याखालीं २० अंशांवर निदान २४ तास गोठवावा, असें तेथील सरकारच सांगतें. गोड्या पाण्यांतल्या माशांत तर असल्या कृमींचें भय मोठें. तेव्हां माझें हें भाषण ऐकून कोणी कृष्णेचा मासा कच्चा खाऊन पाहण्याचें साहस करूं नये, अशी हात जोडून विनंति आहे.

आणि हा भरंवसा तेथेंहि एकदां भयंकर रीतीनें मोडला होता. मिनामाता नांवाच्या उपसागराकांठच्या एका कारखान्यानें पाऱ्याचें विष असलेलें पाणी समुद्रांत सोडलें. तें विष माशांत गेलें आणि माशांतून माणसांत. आधीं मांजरें झिंगून मरूं लागलीं, मग माणसांचे हातपाय वांकडे झाले, वाचा गेली, आईच्या पोटांतल्या मुलांनाहि बाधा झाली. १९५६ सालीं या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच दवाखान्यांतल्या डॉक्टर होसोकावा यांनीं १९५९ सालीं तें सांडपाणी मांजराला खाऊं घालून रोगाचें कारण ताडून पाहिलें. पण त्यांचा निष्कर्ष दाबून ठेवण्यांत आला. सरकारनें कारण मान्य केलें तें १९६८ सालीं. म्हणजे "आज घेऊं नका" असें म्हणणारा माणूस तेथेंहि होता. त्याचें तोंड बंद केलें गेलें, आणि त्या मौनाची किंमत मासे खाऊन जगणाऱ्या गरीब कोळ्यांनीं दिली.

पण गोष्ट तेथें संपली नाहीं. १९७० सालीं जपानच्या संसदेनें एका अधिवेशनांत प्रदूषणाविषयींचे चौदा कायदे मंजूर केले. खुद्द टोकियोंतली सुमिदा नदी एके काळीं इतकी घाण झाली होती कीं, तिच्या कांठचा शेंकडों वर्षांचा आतषबाजीचा उत्सव कांहीं अंशीं त्या दुर्गंधीमुळें १९६२ पासून बंद पडला. नदी सुधारल्यावर तो १९७८ सालीं पुन्हां सुरू झाला. त्या नदीच्या कांठानें आम्ही संध्याकाळीं फिरलों. पाणी अगदीं नितळ होतें असें मी म्हणणार नाहीं; पण नाकाला रुमाल लावावा लागला नाहीं.

तेथें उभें असतांना मला आमची कृष्णा आठवली. लहानपणीं भोयांच्या जाळ्यांत तडफडणारी वाम आम्ही पोरें कौतुकानें पाहत असूं, आणि ओंजळीनें नदीचें पाणी पीत असूं. २०२३ च्या मार्च महिन्यांत सांगलीजवळ त्याच कृष्णेच्या पात्रांत मेलेल्या माशांचा खच पडला. आपण तो पाहिला, हळहळलों, आणि दोन दिवसांनीं विसरलों. नदीच्या पाण्यानें आपला कल्ला उघडून दाखविला होता. तो पाहून "आज घेऊं नका" असें म्हणणारें माणूस आपल्यांत किती निघालें? शहराची गटारें, कारखान्यांचें सांडपाणी, शेतांतून वाहून येणारीं औषधें यांपैकीं कांहीं आपल्या संमतीवांचून नदींत गेलेलें नाहीं. ज्या नदीचें पाणी उकळल्याशिवाय पितां येत नाहीं, तिला माई म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न मीं स्वतःला विचारला, आणि मला उत्तर देतां आलें नाहीं.

असो. भोजनाच्या शेवटीं अंड्याची गोडसर वडी आली. सुरुवातीला हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात, म्हणजे मी हें नम्रपणें स्वीकारतों. शेवटींहि तसेंच हात जोडून आभार मानतात. वर बक्षिसी ठेवण्याची चाल नाहीं. ठेविली तर विसरली समजून मागें धांवत येऊन परत देतात. निघतांना कारागीर पडद्याबाहेर आला आणि आम्ही गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत उभा राहिला. बिल किती झालें, हें जांवयांनीं मला अद्याप सांगितलेलें नाहीं, आणि माझ्या निवृत्तिवेतनाकडे पाहतां त्यांनीं तें सांगूं नये हेंच बरें.

त्या रात्रीं मीं सौभाग्यवतीला म्हटलें, "चाळीस वर्षें माझें चुकलें." ती म्हणाली, "मासा खाल्ल्यावर बुद्धि वाढते, असें आमच्याकडे म्हणतात तें खोटें नाहीं." यापलीकडे त्या विषयावर आमचें बोलणें झालें नाहीं.

गांवीं परत आल्यावर एके दिवशीं मी प्रथमच तिच्याबरोबर सांगलीच्या बाजारांत मासे घ्यावयास गेलों. ज्या बाईकडे ती वर्षानुवर्षें जाते, तिच्यापुढें लोखंडी पाटींत बर्फावर मासे मांडलेले होते. मला तर ते चांगले दिसले. आम्ही जवळ जातांच ती बाई सौभाग्यवतीला हळूच म्हणाली, "ताई, आज घेऊं नका. शुक्रवारीं गाडी येईल, तेव्हां या." सौभाग्यवतीनें मान हलविली, तिच्या नातवाची चौकशी केली, आणि आम्ही रिकाम्या हातानें परत फिरलों. वाटेंत मीं विचारलें, "ही तुला नेहमीं असें सांगते?" ती म्हणाली, "पंचवीस वर्षें झालीं." जें शिकण्यासाठीं मी समुद्र ओलांडून गेलों, तें घरापासून तासाभराच्या वाटेवर रोज चाललें होतें, आणि मी कधीं बरोबरच गेलों नव्हतों.

शुक्रवारीं आम्ही पुन्हां गेलों. बांगडे मिळाले. तिनें ते तिरफळें घालून रांधले. रिकामी पिशवी घेऊन परत आलेलें माणूस आपल्या घरांत कोणी असेल, तर त्याला हंसूं नये, त्याला आधीं विचारावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.